कोकणच्या परसबागेतील अननस

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या घराच्या मागील दारी गेले असता न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ, विहिरीकाठचा माड, अळवाचा वाफा आणि गडग्याच्या कडेला कोणीतरी केव्हातरी टोचून ठेवलेली अननसाची काटेरी झुडपे बहुधा दृष्टीस पडतात. केळीची निगा राखली जाते, माडाला खतपाणी मिळते. अननसाच्या वाट्याला मात्र उपेक्षाच येते. ‘लावला आहे, येईल तेव्हा येईल’ अशी घरातील माणसांची त्याविषयी धारणा असते. परिणामी झुडूप वर्षानुवर्षे नुसते पसरत राहते, फुटव्यांचे रान माजते आणि एखाद्या वर्षी मुठीएवढे फळ धरलेच, तर ते घरच्या पानात पडण्याऐवजी वानराच्या हाती लागते. मग त्याच घरात सणासुदीच्या शिऱ्यासाठी केरळातून आलेला अननस बाजारातून विकत आणला जातो.

वास्तविक पाहता दमट हवा, आम्लधर्मी तांबडी माती आणि समुद्रसान्निध्यामुळे मिळणारे सौम्य तापमान या अननसाला हव्या असलेल्या तीनही गोष्टी कोकणात सहज उपलब्ध आहेत. या पिकासाठी साधारणतः १५ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान अनुकूल मानले जाते. थंडीच्या कडाक्याने ते खुरटते. कोकणात असा कडाका पडत नाही. तेव्हा उणीव आहे ती हवामानाची नव्हे, तर या वनस्पतीच्या स्वभावाविषयीच्या माहितीची.

घरी अननस लावण्याचे आणखी एक कारण आहे व ते फार थोड्यांच्या ध्यानी येते. आंबा, केळे, पपई ही फळे झाडावरून उतरविल्यानंतर पिकतात. आंबा व केळे यांतील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते आणि आढीतला कच्चा आंबा आठ-दहा दिवसांत गोड होतो. अननसाचे तसे नाही. या फळात साठविलेले पिष्ट जवळजवळ नसतेच. त्यात येणारी साखर झाडाच्या पानांकडून अखेरपर्यंत पुरविली जाते. देठ कापला की हा पुरवठा थांबतो. त्यानंतर फळाचा रंग पिवळा होईल, ते मऊ पडेल, त्याला वासही सुटेल. परंतु त्याची गोडी वाढणार नाही. दूरच्या बाजारासाठी पाठवावयाचे फळ प्रवासात टिकावे म्हणून बरेच आधी कापावे लागते. त्यामुळे बाजारचा अननस आणि झाडावर पिवळा झालेला घरचा अननस यांच्या चवीत जो फरक जाणवतो, तो केवळ घरच्या वस्तूविषयीच्या ममतेचा नव्हे.

परदेशातून आलेला पाहुणा

अननसाचे मूळ स्थान दक्षिण अमेरिका होय. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, १४९३ च्या नोव्हेंबर महिन्यात, ग्वादलूप बेटावर युरोपीय लोकांनी हे फळ प्रथम पाहिले. ब्राझीलमधील तुपी-ग्वारानी भाषांतील नाव पोर्तुगीजांनी उचलले आणि सोळाव्या शतकात फळाबरोबरच ते नावही पश्चिम किनाऱ्यावर आणले. काजू त्याच मार्गाने आला. आज कोकणी माणसाला अगदी घरचे वाटणारे हे दोन्ही पदार्थ शिवपूर्वकाळात सागर ओलांडून आलेले आहेत, हे शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला अवश्य सांगावे.

अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त अननसाचा उल्लेख करताना त्याचे ‘कठल-ए-सफरी’, म्हणजे प्रवासातील फणस, असे दुसरे नाव दिले आहे. कोवळे रोप भांड्यात लावून प्रवासात बरोबर नेता येते आणि त्याला फळही धरते, हे त्या नावाचे कारण. जहांगीर बादशहानेही आपल्या आठवणींत, आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी हजारोंनी अननस होत असल्याची नोंद केली आहे. उत्तरेच्या कोरड्या, विषम हवेत बादशाही माळी जे साधत होते, ते कोकणच्या परड्यात साधण्यास कोणतीच अडचण असू नये.

वनस्पतीचा स्वभाव

अननसाची मुळे जमिनीत फार खोल जात नाहीत. बहुतेक मुळे वरच्या वीत-दीड वीत थरातच पसरतात. पाने मात्र चक्राकार, पन्हळीसारखी खोलगट व बुंध्याकडे निमुळती होत गेलेली असतात. पडणारे दव आणि पावसाच्या सरी ही पाने झेलतात व पाणी थेट गाभ्याकडे आणि पानांच्या बेचक्यांकडे पोहोचवितात. तेथे फुटलेली बारीक मुळे ते शोषून घेतात. याखेरीज या वनस्पतीची आणखी एक रीत आहे. बहुसंख्य वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात व त्या वेळी त्यांच्यातील पाणीही वाफ होऊन जाते. अननस रंध्रे मुख्यतः रात्री उघडतो, कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतो आणि दिवसा उन्हात रंध्रे मिटून घेऊन त्याचा उपयोग करतो. त्यामुळे थोड्या पाण्यावर ही वनस्पती तग धरते.

या रचनेवरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, वैशाखात पंधरा-वीस दिवस पाणी चुकले म्हणून अननस मरत नाही. दुसरी, आणि कोकणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे, पाण्याच्या अभावापेक्षा पाण्याच्या साठवणीने तो लवकर मरतो. उथळ मुळांभोवती चार दिवस पाणी तुंबले की ती गुदमरतात, आणि गाभ्यात चिखल गेला की मधली पाने सडू लागतात. आषाढात लावलेली रोपे भाद्रपदात पिवळी पडून मधला कोंब नुसत्या ओढण्याने हातात येऊ लागला, त्याला घाण वास येत असला, तर गाभा कुजण्याचा बुरशीजन्य रोग जडला असे समजावे. अशा रोपावर उपचार करीत बसण्यापेक्षा ते उपटून दूर नेऊन नष्ट करणे आणि पाण्याला वाट काढून देणे श्रेयस्कर होय.

म्हणूनच न्हाणीच्या सांडपाण्याशेजारी अननस लावू नये. ती जागा केळीची व अळवाची. अननसाला गडग्यालगतची, किंचित उताराची, सकाळचे ऊन मिळणारी जागा द्यावी. माडाच्या बागेतही तो चांगला येतो. मात्र माड कोवळे असताना, म्हणजे लागवडीपासून सात-आठ वर्षांपर्यंत, किंवा ते जुने व उंच होऊन खाली पुरेसा उजेड पडू लागल्यावर. मधल्या काळातील गर्द सावलीत, तसेच दाट पोफळीच्या आगरात, झाड हिरवेगार दिसते पण फळ लहान राहते.

कोणती जात निवडावी

परसबागेपुरता विचार करता दोन प्रकार पुरेसे आहेत. क्यू जातीचे फळ मोठे, दीड ते अडीच किलोंचे, रसाळ व फिकट पिवळ्या गराचे असते. तिच्या पानांना टोकाजवळचे थोडे काटे सोडले तर कडा गुळगुळीत असतात. क्वीन गटातील जातींचे फळ लहान, साधारण एक किलोच्या आसपास. डोळे खोल, गर गडद सोनेरी, कुरकुरीत आणि सुगंधी. केरळात वाझाकुळम परिसरात जिचा मोठा व्यापार चालतो ती मॉरिशस जात याच गटातील आहे, आणि महाराष्ट्राच्या बाजारात बाहेरून येणारा अननस बहुधा तोच असतो. वाझाकुळमच्या अननसाला २००९ मध्ये, तर त्रिपुरातील क्वीन अननसाला २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

क्वीन गटाच्या पानांना दोन्ही कडांनी करवतीसारखे काटे असतात. लहान मुले जेथे खेळतात तेथे क्यू लावावा, आणि कुंपणाच्या कडेला, जेथून गुरे व शेरडे तोंड घालतात, तेथे क्वीन. चवीचा प्रश्न असेल तर कापून खाण्यास क्वीन सरस आणि रस, मुरांबा व शिजविण्यास क्यू सोयीचा, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

लावणीचे साहित्य

अननसात बी क्वचितच धरते व लागवडीसाठी त्याची गरजही नसते. अभिवृद्धी तीन प्रकारच्या भागांपासून होते. जमिनीलगत बुडख्यातून येणारे फुटवे, फळाच्या खाली देठावर येणारे छोटे फुटवे आणि फळाच्या माथ्यावरील शेंडा. या तिघांत मोठा फरक आहे तो वेळेचा. बुडख्याचा जोमदार फुटवा लावला तर वर्ष-सव्वा वर्षात तो फुलण्याच्या वयात येतो. देठावरच्या फुटव्याला थोडा अधिक काळ लागतो. शेंडा लावल्यास मात्र फळ हाती येण्यास सुमारे दोन वर्षे लागतात. बाजारच्या फळाचा शेंडा खोवून ठेवणाऱ्या अनेक घरांतील निराशेचे मूळ येथेच आहे. झाड वांझ नसते, त्याचे वय भरलेले नसते.

शेजाऱ्याकडून फुटवे आणावयाचे असल्यास साधारण ४०० ते ५०० ग्रॅम वजनाचे आणि शक्यतो एकसारख्या आकाराचे निवडावेत, म्हणजे सर्व झाडे बरोबरीने वाढतात. आणण्यापूर्वी पानांच्या बेचक्यात पांढऱ्या कापसासारखी पिठ्या ढेकणाची वस्ती आहे किंवा काय, हे पाहून घ्यावे. ज्या झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसते, त्याचा फुटवा फुकट मिळाला तरी घेऊ नये. हा कीटक रस शोषतो, त्याच्या मधासारख्या स्रावासाठी मुंग्या त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर वाहून नेतात, आणि पाठोपाठ पाने तांबूस होऊन शेंड्याकडून वाळत जाणारा मर रोग येतो. पुढे औषधे शोधण्यापेक्षा ही पारख सोपी आहे.

फुटवे आणल्याबरोबर लावण्याची घाई अनाठायी होय. बुडाकडची चार-पाच सुकी पाने सोलून काढावीत आणि फुटवे सावलीत उलटे ठेवून सात-आठ दिवस सुकू द्यावेत. कापलेला भाग कोरडा पडतो, त्यावर पापुद्रा धरतो आणि जमिनीतील बुरशीला आत शिरण्यास वाव राहत नाही. इतर रोप आठ दिवस उघडे ठेवले तर मरून जाईल. अननसाला ते मानवते. शेंडा लावताना तो फळापासून पिळून काढावा, गराचा अंश पूर्ण काढून टाकावा, खालची पाने सोलून दोन-तीन सेंटिमीटर दांडा उघडा करावा आणि तोही असाच सुकवावा.

जमीन, वाफे व लावणी

कोकणातील लागवडीस दोन वेळा योग्य आहेत. मृगाच्या पहिल्या सरींनंतर, किंवा पावसाचा मुख्य जोर ओसरल्यावर श्रावण-भाद्रपदात. ऐन आषाढात लावणी करू नये. कातळाच्या वा चिकट मातीच्या जागी दुसरी वेळच पसंत करावी.

जमिनीपासून वीतभर उंच, माथ्यावर मीटरभर रुंदीचा वाफा करून त्यात चांगले कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत मिसळावे. वाफ्यावर दोन ओळी घ्याव्यात. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि ओळीतील दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. दुसरा वाफा करावयाचा असल्यास पहिल्या वाफ्याच्या शेवटच्या ओळीपासून त्याची पहिली ओळ ९० सेंटिमीटरवर यावी, म्हणजे मधून चालता-वाकता येते व पावसाळ्यात तोच चर पाणी वाहून नेतो. या हिशोबाने एका झाडाला पाव चौरस मीटरहूनही कमी जागा पुरते. वीस झाडे साडेचार-पाच चौरस मीटरांत बसतात, आणि एक गुंठा जागा असेल तर सुमारे साडेचारशे. पाच माणसांच्या घराला वीस झाडे पुष्कळ झाली.

फुटवा पाच ते दहा सेंटिमीटर खोल, घट्ट लावावा. गाभ्यात माती पडणार नाही याची दक्षता घ्यावी. लहान मुलांच्या हाती हे काम दिल्यास ही एकच सूचना पुनःपुन्हा द्यावी लागते.

लावणीनंतर पातेऱ्याचे जाड आच्छादन करावे. कोकणात पातेरा भाजावळीसाठी किंवा नुसता जाळून टाकण्यासाठी गोळा करतात. अननसाच्या ओळींत तो पसरला तर ओल टिकते, तण दबते आणि उथळ मुळांना ऊन लागत नाही. चुलीची राख टाकण्याबाबत मात्र संयम हवा. राखेत पालाश असते हे खरे. पण ती अल्कधर्मी असते आणि अननसाला साडेचार ते साडेसहा सामू असलेली आम्ल जमीन मानवते. रोजची सगळी राख एकाच झाडाच्या बुडात ओतणे हे त्याचे पोषण नव्हे.

हेच कारण देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत अननस पिवळा पडण्याचे आहे. तेथे त्याला लोह मिळत नाही. पुणे, सातारा किंवा नागपूर येथील हौशी बागायतदारांनी जमिनीचा नाद सोडून तळाला भोके पाडलेली जुनी बादली किंवा फूट-सव्वा फूट रुंदीची कुंडी घ्यावी, तीत तांबडी माती, पानांचे खत व थोडी वाळू भरावी आणि थंडीत कुंडी भिंतीच्या आश्रयाला हलवावी. प्रवासातील फणस हे नाव येथे सार्थ होते.

खताचे प्रमाण प्रत्येक झाडास वर्षाला साधारण १२ ग्रॅम नत्र, ४ ग्रॅम स्फुरद व १२ ग्रॅम पालाश असे शिफारशीत येते. घरगुती मापात वीस झाडांसाठी वर्षभरात सुमारे अर्धा किलो युरिया, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश एवढे पुरेल. स्फुरद लावणीच्या वेळी, पालाश दोन हप्त्यांत आणि युरिया चार ते सहा हप्त्यांत, ओल असताना द्यावा. युरियाची मूठ गाभ्यात पडू देऊ नये. ज्यांना रासायनिक खते वापरावयाची नसतील त्यांनी शेणखत व गांडूळखत भरपूर द्यावे. फळ थोडे लहान व थोडे उशिरा येईल, इतकेच. उन्हाळ्यात वीस-पंचवीस दिवसांनी एक पाणी पुरेसे आहे.

फूल केव्हा येते व ते कसे आणावे

अननसाचे फळ हे वास्तविक एक फळ नाही. मधल्या दांड्यावर शंभर ते दोनशे जांभळट फुले गर्दीने येतात आणि त्यांची फळे एकमेकांना चिकटून एक होतात. सालीवरील प्रत्येक डोळा हे एकेका फुलाचे चिन्ह होय. ते डोळे तिरप्या ओळींत मांडलेले असतात. एका बाजूने मोजल्यास बहुधा आठ आणि दुसऱ्या बाजूने तेरा ओळी भरतात. गणिताच्या शिक्षकाला याहून स्वस्त साधन मिळणे कठीण.

झाड पुरते वयात आल्यावर हिवाळ्यातील लहान दिवस व गार रात्री यांच्या परिणामाने त्याला फूल धरते. त्यामुळे नैसर्गिक फुलोरा माघ-फाल्गुनाच्या सुमारास येतो आणि फळ त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, म्हणजे ऐन पावसाळ्यात पिकते. कोकणाच्या दृष्टीने ही गैरसोय आहे. ढगाळ हवेत, सततच्या पाण्यात पिकलेले फळ पाणचट व आंबटसर होते आणि लवकर सडते. तेच फळ चैत्रात तयार झाले तर त्याची गोडी वेगळीच.

फूल आपल्या सोयीने आणता येते, हा शोध योगायोगाने लागला. १८७४ च्या सुमारास अझोरीस द्वीपसमूहातील साओ मिगेल बेटावर अननसाच्या काचगृहात धूर कोंडला गेला आणि सारी झाडे नासतील अशी धास्ती असताना ती एकदमच फुलली. धुरातील इथिलीन वायू हे त्याचे कारण असल्याचे पुढे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. आज मोठ्या लागवडीत याच वायूचे काम करणाऱ्या इथेफॉन या औषधाचे अत्यंत सौम्य द्रावण, दोन टक्के युरिया मिसळून, प्रत्येक झाडाच्या गाभ्यात ५० मिलिलिटर या प्रमाणात ओततात. शेकडो झाडे एका वेळी फुलवावयाची असतील तेथे ते ठीक. घरच्या वीस झाडांना एक लिटर द्रावण लागते व त्यात औषध एका थेंबाएवढेच पडावयास हवे. एवढे सूक्ष्म माप घरात कोणी अचूक घेऊ शकत नाही आणि प्रमाण चुकले तर झाड बिघडते. परसबागेत त्या वाटेला न जाणे बरे.

घरगुती उपाय सोपा आहे. पिकणारे फळ इथिलीन वायू बाहेर टाकते. झाडाला ३५ ते ४० पाने आली असल्याची खात्री करावी, गाभ्यातील पाणी झाड तिरपे करता आले तर निथळून, नाही तर फडक्याने टिपून काढावे, बुडाशी एखादे पिकलेले सफरचंद किंवा दोन-तीन पिकलेली केळी ठेवावीत आणि संपूर्ण झाड मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीने चार-पाच दिवस झाकून ठेवावे. या दिवसांत झाडावर थेट ऊन येऊ देऊ नये, अन्यथा पिशवीत पाने भाजतात. दीड-दोन महिन्यांनी गाभ्यात तांबडी छटा दिसू लागते. आदल्या वर्षीच्या श्रावणात लावलेल्या झाडावर पाऊस संपताच आश्विनात हा प्रयोग केल्यास फळ चैत्र-वैशाखात हाती येते. पाने कमी असताना घाई केल्यास फूल येईल, पण फळ लिंबाएवढे राहील. झाडाला एकदाच फूल येते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

राखण

शेतीच्या पुस्तकांत या विषयाला क्वचितच एक ओळ मिळते, आणि कोकणातील शेतकऱ्याला विचारावे तर त्याची पहिली तक्रार हीच असते. वानर, माकड, रानडुक्कर आणि साळिंदर या साऱ्यांना अननसाचा वास दुरून येतो. साळिंदर व डुक्कर रात्री बुडख्यासकट झाड उलथवितात. वानरे दिवसाढवळ्या येतात आणि चार फळांना दात लावून एकही पुरते खात नाहीत. या भीतीने फळ हिरवे असतानाच कापले जाते, आणि मग घरचा अननस बाजारच्यापेक्षाही आंबट लागतो. लागवडीचा सारा हेतूच तेथे फसतो.

वीस झाडांच्या परसात बंदोबस्त अशक्य नाही. फळ पूर्ण भरले, डोळे सपाट होऊ लागले की प्रत्येक फळावर जुनी बांबूची पाटी किंवा तारेच्या जाळीची टोपी उलटी घालून ती खुंटीला बांधावी आणि भोवती करवंदीच्या काट्या दाबून बसवाव्यात. याच पाटीमुळे चैत्रातील पश्चिमेच्या उन्हाने फळ एका अंगाने भाजण्याचेही टळते. झाडे घराच्या खिडकीतून दिसतील अशा ठिकाणी असावीत. सर्वांत मोठा फरक मात्र संख्येने पडतो. वाडीतील एकाच घरात अननस असेल तर साऱ्या टोळीचा मुक्काम त्याच घरी पडतो. दहा घरांनी लावले आणि आळीपाळीने राखण ठेवली तर भार वाटला जातो. वाडीवार बैठकीत ग्रामपंचायत सदस्यांनी शेती-बागायतीच्या राखणीचा विषय काढला असता त्यात परसबागाही धराव्यात.

काढणी आणि खोडवा

फळाचा तळाकडील एक-तृतीयांश भाग पिवळा झाला व सुगंध येऊ लागला म्हणजे काढणीची वेळ झाली. देठाचा बोटभर भाग ठेवून धारदार कोयत्याने कापावे. गोडी तळाकडून वर चढत जाते. म्हणून फळाच्या आडव्या चकत्या केल्यास तळाची चकती खाणारा सुखी होतो आणि शेंड्याची चकती मिळालेला कुरकुरतो. घरात भांडण नको असेल तर उभ्या फोडी कराव्यात.

कापणीनंतर मूळ झाडाचे काम संपते, पण बुडख्यातून फुटवे येतात. त्यांतील एकच जोमदार फुटवा ठेवून बाकीचे काढावेत. येथेच बहुतेक परसबागा बिघडतात. पाच-सहा फुटवे तसेच राहू दिले तर ते एकमेकांशी झगडतात व एकालाही धड फळ धरत नाही. खोडव्याचा फुटवा पहिल्या झाडापेक्षा थोडा वर येतो, त्यामुळे त्याला मातीची भर न दिल्यास तो फळाच्या भाराने कलंडतो. असे दोन-तीन खोडवे घेता येतात. दर वेळी फळ लहान होत जाते, तेव्हा त्यानंतर वाफा मोडून नव्या जागी लावणी करावी. काढलेले फुटवे हेच पुढील लागवडीचे भांडवल असून ते शेजाऱ्यांना देण्याने गावात लागवड पसरते. देताना वर सांगितलेली पिठ्या ढेकणाची तपासणी आपणच करावी.

शाळा व उताराच्या जमिनी

शाळांच्या परसबागांत बहुधा मेथी, मुळा, भेंडी, पालक अशी दोन-तीन महिन्यांत हाती येणारी पिके घेतात. ते योग्यच आहे. त्या परसबागांची खरी परीक्षा उन्हाळी सुटीत होते. दीड महिना पाणी मिळाले नाही की जूनमध्ये तेथे केवळ वाळलेल्या काटक्या उरतात. अननस हा या दृष्टीने शाळेला जवळचा आहे, कारण पातेऱ्याचे आच्छादन असेल तर सुटीचा काळ तो बिनतक्रार काढतो. शाळेने कृत्रिम उपायांनी फूल आणण्याच्या खटपटीत पडू नये. पाचवीतील मुलांनी जूनमध्ये लावलेला फुटवा ती सहावीत असताना हिवाळ्याच्या अखेरीस फुलेल आणि ती सातवीत गेल्यावर, शाळा सुरू असतानाच, श्रावणाच्या आसपास फळ देईल. पावसाळी फळाची गोडी थोडी कमी असेल. परंतु लावणी, पानांची मोजणी, फुलाची रोजनिशी आणि डोळ्यांच्या ओळींचे गणित हे सारे एकाच तुकडीच्या हातून होईल. शिक्षकाची बदली झाली तरी तुकडी शाळेतच असते.

ग्रामपंचायतींनी लक्ष घालावे असा याहून मोठा प्रश्न उताराच्या जमिनींचा आहे. कोकणातील जांभ्या डोंगरउतारावरील मातीचा थर पातळ असतो आणि मुसळधार पावसात तो झपाट्याने वाहून जातो. दक्षिण सिंधुदुर्गात गेल्या काही दशकांत केरळातून आलेल्या बागायतदारांनी रबराबरोबर अननसाच्या मोठ्या लागवडी केल्या. त्यांचे कसब अनुकरणीय आहे. मात्र राखलेले जंगल साफ करून उताराच्या दिशेने उभ्या ओळी घेतल्या, तर तेच पीक मातीच्या मुळावर उठते. उलटपक्षी समपातळीत, उताराला आडव्या ओळी घेतल्यास ते माती धरून ठेवते. माडाच्या आळ्याला उताराच्या बाजूने अर्धचंद्राकृती बांध घालून त्या बांधावर अननसाच्या दोन ओळी लावण्याची पद्धत कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने पुरस्कारिली आहे. काटेरी पानांची दाट रांग वाहती माती अडविते, बांध फुटू देत नाही आणि वर फळही देते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडून वा तालुक्याच्या कृषी कार्यालयाकडून स्थानिक जमिनीविषयी सल्ला घेऊन मोडक्या बांधांवर असा प्रयोग करून पाहण्यास फारसा खर्च येत नाही.

स्वयंपाकघरात

अननसाच्या १०० ग्रॅम गरातून सुमारे ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. शिजविल्याने त्यातील बराचसा अंश कमी होतो. कच्च्या गरात प्रथिनांचे विघटन करणारे ब्रोमेलिन नावाचे द्रव्य असते. फार फोडी खाल्ल्यावर जीभ चुरचुरते ती त्यामुळेच. दुधात किंवा दह्यात कच्च्या फोडी घालून ठेवल्यास थोड्या वेळात पदार्थ कडवट होतो, त्याचे कारणही हेच. उष्णतेने हे द्रव्य निष्क्रिय होते. म्हणून शिऱ्यात घालावयाच्या फोडी आधी साखरेत शिजवून घेण्याची गृहिणींची रीत शास्त्रशुद्ध आहे. गर्भवती स्त्रियांना अननसाची फोडही देऊ नये असा समज पुष्कळ घरांत आहे. पिकलेल्या अननसाच्या चार फोडी खाण्याने अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. तथापि आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी बेताने खावे आणि शंका असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे.

दक्षिण कोकणात व गोव्यात ओले खोबरे, मोहरी, सुकी मिरची व गूळ यांचे वाटण लावून अननसाचे सासव करतात. त्यासाठी फार पिकलेले फळ घेऊ नये. किंचित आंबट असलेले, म्हणजे राखणीच्या भीतीने दोन दिवस आधी कापावे लागलेले फळ सासवाला चालते. उरलेला शेंडा सोलून, सुकवून पुन्हा गडग्याच्या कडेला लावावा. त्यावर लावणीची तारीख लिहिलेली पट्टी बांधली तर दोन वर्षांनी तो वांझ ठरवून उपटला जाणार नाही.